काचेबाहेरची खुर्ची

गेल्या वर्षापर्यंत मी क्रिकेटची एकही मॅच डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. सगळं क्रिकेट मी बायकोच्या हातात पाहिलं. हे वाचून कुणाला वाटेल, म्हातारा भरकटला. भरकटलो नाही. सांगतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात आमची पिठाची गिरणी होती. मी मागे जात्यापाशी, आमची ही पुढे काट्यापाशी. काट्याच्या वर फळीवर रेडिओ. गिरणी चालू असली की शेजारच्याचं घर पडलं तरी मला दळण संपल्यावर कळायचं, मग रेडिओ कुठला ऐकू येणार. म्हणून ही मला हातवारे करून स्कोअर सांगायची. हात आडवा हलवला की चौकार. दोन्ही हात वर गेले की षटकार. एक बोट वर केलं की कुणीतरी गेला, आणि आपला गेला की त्यांचा ते तिच्या तोंडावरून ओळखायचं. आपण मॅच जिंकलो की हाताला लागेल त्या डब्यातलं मूठभर पीठ ती वर उधळायची. डबा कुणाचा का असेना.

"अहो वहिनी, ते माझं पीठ आहे," असं एखादी बाई म्हणायची.

"देशासाठी मूठभर सोसवत नाही तुला?" ही विचारायची.

एकदा ऐन मॅचमध्ये वीज गेली. पट्टा थांबला. रेडिओ सेलवरचा होता, म्हणून मी हात झटकत पुढे आलो, की बाबा आता तरी आपल्या कानांनी ऐकू. मी काट्यापाशी पोचलो आणि आपला चांगला जमलेला गडी आऊट झाला. हिने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच बॉल टाकला. पुढच्या वेळी पुन्हा तसंच झालं. मग निकाल लागला.

"अहो, तुम्ही मागेच बरे. पाय पांढरा आहे तुमचा."

"पिठाने झालाय तो."

"पिठाने नाही. मुळातच."

घरात टीव्ही आला तेव्हा मला ओसरीवर बसवण्यात आलं. खिडकीतून हिचा हात दिसेल अशा बेताने माझं पोतं टाकलं जायचं. मी भांडलो नाही. एक तर मला त्या खेळात फार गम्य नव्हतं. दुसरं म्हणजे टीव्हीतल्या माणसांपेक्षा हिचे हात बघायला जास्त मजा यायची. सातवी नापास माणसाला यापेक्षा चांगली कॉमेंट्री कोण देणार.

मग गिरणी बंद झाली आणि मुलीने आम्हाला दोघांना अमेरिकेत आणलं. ती आणि जावई बेलव्ह्यूमध्ये कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहेत. घर मोठं, झाडं मोठी, पाऊस मात्र चिरीमिरी. दिवसभर पडतो आणि बादली भरत नाही. इथे दोन-तीन वर्षं बरी गेली. मग हिच्या हृदयाने अंग चोरायला सुरुवात केली. जिना चढवेना, आंघोळ करवेना. मी मदत करतो म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही पोतं उचलल्यासारखं उचलता." तेव्हा मुलीने दुपारची एक बाई लावली.

बाई पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरची. बेटाचं नाव मी लिहीत नाही, कारण मी ते घेतलं की ती बाई पोट धरून हसते. वय पन्नाशीचं, अंगाने दांडगी, दारातून आली की खोलीतला उजेड कमी व्हायचा. तिला मराठी येत नाही. हिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणजे रेडिओवर जेवढं ऐकलं तेवढंच येत होतं. पहिल्या दिवशी बाईने आंघोळीला स्टुलावर बसवलं आणि हातातला शॉवर सोडला. पाणी कढत. हिला 'गरम' चं इंग्रजी सुचेना. ती ओरडली, "नो बॉल."

बाईने शॉवर बंद केला. मी दाराबाहेर उभा.

"मामा," बाई म्हणाली. ती हिला मामा म्हणायची आणि मला पापा. "मामा, यू नो क्रिकेट?"

त्या दिवसापासून त्या न्हाणीघरात क्रिकेटच्या भाषेत कारभार सुरू झाला. पाणी गार झालं की "वाइड". पाठ नीट चोळली की "फोर". साबण डोळ्यात गेला की "अपील". मी बाहेर टॉवेल धरून उभा, आणि आत दोघी खिदळतायत. रात्री जेवताना जावई म्हणाला, "बाबा, होम केअर म्हणजे काँट्रॅक्टमध्ये असं सगळं नसतं." मी म्हटलं, नसेल.

बाईची भाची तिकडे बेटाच्या बायकांच्या टीममध्ये होती. ही टीम म्हणजे देशाची टीम, पण ऐकाल तर चकित व्हाल. त्या बेटावर पूर्वीपासून आपलं एक गावठी क्रिकेट आहे. बॅट कपडे धुण्याच्या धोपाटण्यासारखी जाड. एका बाजूला जेवढी माणसं येतील तेवढी खेळणार, आणि कुणी आऊट झालं की समोरची अख्खी टीम नाचणार. त्यातल्या काही बायकांनी ठरवलं, आपण खरं क्रिकेट खेळायचं, देशोदेशी जायचं. पायाचे पॅड अपुरे, म्हणून आऊट होऊन परतणारीने वाटेतच सोडून पुढचीला द्यायचे. मैदानाच्या कडेला झाडी. सीमापार गेलेला चेंडू शोधायला दोन्ही टीम जायच्या. सुरुवातीला ज्याच्या-त्याच्याकडून मार खाल्ला. मग शेजारच्या बेटाला हरवलं. मग त्याच्या शेजारच्याला. हे सगळं बाईने मुलीला सांगितलं आणि संध्याकाळी मुलीने आम्हाला समजावलं.

"आणि ती भाची काय करते?" हिने मुलीकरवी विचारलं.

"बेकरीत आहे, आई. पहाटे ब्रेड करते, मग प्रॅक्टिसला जाते. दोन मुलं आहेत तिला."

"म्हणजे पिठातली आहे. आपल्यातलीच," ही म्हणाली, आणि त्या घटकेपासून ती टीम आमची झाली. बेटाला ती 'आपलं बेट' म्हणायला लागली आणि त्या पोरींना 'आपल्या पोरी'.

त्यांच्या मॅच फोनवर दिसायच्या. जावयाने त्या मोठ्या टीव्हीवर लावून दिल्या. तिकडची सकाळ म्हणजे आमची दुपार, पण तारीख तिकडे दुसऱ्या दिवसाची. हे हिला कळलं तेव्हा तिला फार आवडलं.

"अहो, तिकडे उद्या आहे. उद्याची मॅच मी आजच बघते."

हिच्या उद्याबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते. ही रोज दुपारी उद्याकडे बघत बसायची.

मला अर्थातच खोलीत जागा नव्हती. घराच्या मागे लाकडी डेक आहे, वर थोडं छप्पर. खोली आणि डेक यांच्यामध्ये काचेचा सरकता दरवाजा. काचेबाहेर माझी प्लास्टिकची खुर्ची ठेवली गेली. आत हिची खुर्ची अशी तिरपी, की एका बाजूला टीव्ही आणि एका बाजूला मी. टीव्ही मला दिसत नाही, हिचा हात दिसतो. मी कुंडीतली मेथी खुडतो आणि अधूनमधून वर बघतो. आडवा हात, चौकार. एक बोट, गेली. गिरणीच होती ती, फक्त आवाज नव्हता.

मुलीने एकदा मला जॅकेटची चेन लावताना बघितलं.

"आई, बाहेर आठ डिग्री आहे. इट्स नॉट फेअर. बाबांना आत घे ना."

"आत घेतलं आणि विकेट पडली तर तू येणार आहेस का खेळायला?"

जावई म्हणाला, "यात लॉजिक नाहीये, आई." हा गृहस्थ भारताची मॅच असली की एकच निळा शर्ट चार-चार दिवस घालतो.

पोरी जिंकल्या की ही बाईला खुणावायची. बाई स्वयंपाकघरातून कणकेचा डबा आणायची. चिमूटभर कणीक उडायची, आणि रात्री मुलगी व्हॅक्यूम घेऊन पुटपुटत फिरायची.

मग वर्ल्डकपला जायची स्पर्धा आली. पॅसिफिकमधल्या टीम एकमेकींशी खेळणार, जिंकेल ती वर्ल्डकपला. हिने पहिल्या फेरीच्या आधी देवीला नवस बोलला. देवघर इथे स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे, धुराचा अलार्म वाजू नये म्हणून निरांजन लावलं की पंखा सोडतात. त्या पंख्याच्या घरघरीत ती मोठ्याने म्हणाली, "आपल्या पोरी वर्ल्डकपला गेल्या, तर त्या पाववालीची खणानारळाने ओटी भरीन." खण तिने ट्रंकेतून काढून वरसुद्धा ठेवला. हिरवा, जांभळ्या काठाचा.

मी म्हटलं, "त्या बेटावर नारळाशिवाय दुसरं काही पिकत नाही. नारळ काय पाठवतेस?"

"ओटीचा नारळ वेगळा," ती म्हणाली. वेगळा कसा, ते बायकांचं. मी विचारलं नाही.

पहिली फेरी त्या जिंकल्या. शेवटची फेरी उन्हाळ्यात होती. मधल्या थंडीत हिला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. तिथे मी कॉटशेजारी बसलो होतो तेव्हा म्हणाली, "अहो, फायनलला बाहेरच बसा हां. नाही तर नवस बुडेल."

"आणि वर्ल्डकपला?"

तिने जरा विचार केला. "तेव्हा बसा माझ्याशेजारी. तिथे हरल्या तरी चालतं. पोचल्या म्हणजे झालं."

त्याच आठवड्यात ती गेली.

त्यानंतर काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. लोक आले, काकू-मावश्यांनी डबे आणले, गेले. बाईचं काम संपलं, तीही यायची बंद झाली. हिची खुर्ची तिरपीच राहिली. मुलीने एकदा सरळ करायला हात लावला आणि तशीच सोडली. मला दुपारी काय करावं कळेना. मेथी वाढून फुलावर आली. एकच गोष्ट डोक्यात होती. बोललेला नवस मधेच लटकतोय. देवीचं देणं-घेणं हिच्याकडे होतं, मला त्यातलं काही कळत नाही, पण हिचा शब्द अर्धा राहता कामा नये. त्या पोरी जिंकल्याच पाहिजेत.

फायनलच्या दिवशी दुपारी बेल वाजली. बाई उभी. तिचं काम आता दुसऱ्या एका म्हाताऱ्याकडे होतं, तिथून सुट्टी काढून आलेली.

"मामाने सांगून ठेवलंय," ती म्हणाली. एवढं इंग्रजी मला कळतं.

मुलगी त्या दिवशी घरून काम करत होती. तिने टीव्ही लावून दिला. बाईने सोफा दाखवला, "पापा, सिट." मी मान हलवली, जॅकेट घातलं आणि डेकवर गेलो. बाईला समजलं. ती हिच्या खुर्चीत बसली नाही. खुर्चीमागे उभी राहिली, पाठीवर एक हात ठेवून, आणि दुसरा हात माझ्यासाठी मोकळा ठेवला.

आधी त्या दुसऱ्या टीमची बॅटिंग. बाईचं बोट वर, तोंड हसरं. पुन्हा बोट. मला बरं वाटलं. भाचीनेही एक घेतली असावी, कारण बाई जागच्या जागी नाचली आणि टेबलावरचा मुलीचा चष्मा पडला.

मग आपल्या पोरींची बॅटिंग आली आणि खेळ फिरला. बोट वर, तोंड वाकडं. थोड्या वेळाने पुन्हा बोट. पुन्हा. मी मनात हिला म्हटलं, बघ बाई, मी बाहेर आहे. डेकवरून हललो नाही. हा पाय पांढरा असता तर एव्हाना तुझ्या पोरी दोनशेवर असत्या.

दरवाजा सरकला. मुलगी बाहेर आली. पावसाला सुरुवात झाली होती.

"बाबा, आत चला. बाहेर बसूनही विकेट्स पडतातच आहेत ना."

"आत आलो तर जास्त पडतील."

"हाऊ डू यू नो?"

"तुझ्या आईने सांगितलंय."

तिने छत्री उघडून माझ्या हातात दिली आणि आत गेली. जाताना दरवाज्याच्या खाचेत तिने काठी टाकली. इथे चोराच्या भीतीने सगळे टाकतात, तिला हाताची सवय. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

शेवटचं षटक आलं हे मला बाईच्या उभं राहण्याच्या ढबीवरून कळलं. भाची बॅटिंगला असणार. बाईने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. आडवा हात आला. मग काहीच नाही. मग मुलगी लॅपटॉप सोडून टीव्हीसमोर आली. तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, पण तीही तोंडावर हात ठेवून उभी. मी छत्री सोडून काचेला नाक लावलं.

आणि मग बाई मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली.

मुलगी तिच्या गळ्यात पडली. तीही रडायला लागली.

आता मला सांगा, यावरून माणसाने काय समजायचं. हरल्या की जिंकल्या. जिंकून रडणारी माणसं असतात, हरून रडणारी जास्त असतात. मी काच ठोकली. कुणी बघेना. दरवाजा ओढला, तो काठीमुळे हलेना. मी ओरडलो, "अगं, बोट तरी दाखवा." पाऊस आला होता, चष्म्यावर थेंब, आत दोन बायका एकमेकींना धरून हुंदके देतायत, आणि मी माझ्या मुलीच्या घराबाहेर चोरासारखा काच बडवतोय. वाटलं, नवस बुडाला. मी काचेला नाक लावलं म्हणून बुडाला.

बाईने तोंड वर केलं. मला बघितलं. काठी काढायला आली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि कणकेचा डबा घेऊन आली. झाकण काढलं, हात आत घातला. आमची ही शेवटी-शेवटी चिमूट उडवायची. बाईने ओंजळ घेतली आणि छतापर्यंत उधळली. मग दुसरी. सोफा पांढरा, लॅपटॉप पांढरा, मुलीचे केस पांढरे, आणि मध्ये हिची रिकामी खुर्ची, तिच्यावरही भुरभुर. काचेपलीकडे एकदम माझी गिरणी उभी राहिली.

मी डेकवर बसलो. खुर्चीवर नाही, खालीच. हिच्या मरणाला मी नीट रडलो नव्हतो, सगळे घरात होते म्हणून. तेव्हा रडून घेतलं. पाऊस होता, कुणाला काय दिसतंय.

मग ओटी. मी दुकानातून नारळ आणून ठेवला होता. बाईने तो कानाशी धरून हलवला, टिचकी मारली आणि इंग्रजीत म्हणाली, "पापा, हा नारळ मेलाय. आमच्याकडे असला डुकराला घालतात." मला गाडीत घालून ती परत दुकानात गेली आणि सबंध टोपली वाजवून एक निवडला. दुकानदार काका बघत राहिले. त्यांना वाटलं, नारळाची तपासणी करणारं सरकारी माणूस आलं.

भाचीला फोनवर घेतलं. मागे मैदान, डुलणारी झाडं, टीममधल्या पोरी वाकून बघतायत. मुलीने खण, नारळ आणि तांदूळ घेतले आणि माझ्याकडे वळली.

"बाबा, तांदूळ किती वेळा?"

मला काय ठाऊक. ओटी भरायची वेळ झाली की मला आयुष्यभर खोलीबाहेर काढण्यात आलेलं. मी म्हटलं, "भर तू मनाने. चुकलं तर आई बघून घेईल."

तिकडे बाईने भाचीला काहीतरी सांगितलं. भाचीने टीमचा शर्ट दोन्ही हातांनी पुढे पसरून झोळी केली. मागच्या पोरींना वाटलं हा काही संघाचा विधी आहे, त्यांनीही पसरले. मुलीने फोनपुढे तांदूळ सोडले, ते टेबलावर पडले. एका पाववालीची ओटी भरायची होती, अख्ख्या टीमची भरली गेली. देवीने हिशोब लावून घ्यावा. खण आणि नारळ बाईने पिशवीत घातले. नारळ ती घरी फोडणार होती, खण सुट्टीत बेटावर नेणार होती.

वर्ल्डकपचा पहिला सामना आमच्या पहाटे होता. बाई ड्यूटी संपवून सरळ आली. मी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून, हिच्या खुर्चीशेजारी स्टूल ठेवून बसलो. अंघोळीचंच स्टूल होतं ते.

पोरी हरल्या. थोडक्यात नाही, सणसणीत हरल्या. समोर मोठ्या देशाची टीम होती. मी सगळी मॅच बघितली, पहिल्या चेंडूपासून. हिच्या हातात जे इतकी वर्षं बघितलं ते असं दिसतं हे मला माहीत नव्हतं. चेंडू इतका लहान असतो हेसुद्धा नाही. आपल्या पोरी मैदानात जाताना गात गेल्या आणि हरून परत येतानाही गात आल्या. मधे भाचीने एक चेंडू असा उचलला की तो लोकांत जाऊन पडला. बाई किंचाळली.

माझे दोन्ही हात आपोआप वर गेले होते, पण टीव्हीकडे नाही. काचेकडे. बाहेर डेकवर माझी प्लास्टिकची खुर्ची ओली होऊन उभी होती. तिथून टीव्ही दिसत नाही, मला माहीत आहे. म्हणून पुढे जेव्हा-जेव्हा विकेट पडली, तेव्हा मी वळून बाहेर एक बोट दाखवलं. तोंडही वाकडं केलं, म्हणजे कुणाची गेली ते कळावं.

मी आत होतो, ती बाहेर होती, आणि पोरी हरल्या. आता पांढरा पाय कुणाचा, ते तिनेच ठरवावं.